बालकांमधील वारंवार होणारे त्वचासंसर्ग

बालकांमधील वारंवार होणारे त्वचासंसर्ग म्हणजे जिवाणू, बुरशी, विषाणू किंवा परजीवी यांच्यामुळे लहान मुलांच्या त्वचेला होणारे आणि बरे झाल्यासारखे वाटून काही दिवसांनी वा आठवड्यांनी पुन्हा उद्भवणारे आजार होत. पिवळट खपली धरणाऱ्या पुळ्या (इम्पेटिगो), गळवे, केसतूड, खरूज, नायटा हे त्यांतील नेहमी आढळणारे प्रकार आहेत. यांपैकी बहुतेक आजार योग्य उपचारांनी पूर्ण बरे होतात. ते पुनःपुन्हा होण्याचे कारण बहुधा औषध निरुपयोगी असणे हे नसते. रोगजंतूंचा साठा मुलाच्या शरीरावर किंवा घरातील अन्य व्यक्तींच्या शरीरावर शिल्लक राहणे, अथवा त्वचेचे मूळ दुखणे दुर्लक्षित राहणे, हे कारण अधिक वेळा आढळते. म्हणून अशा संसर्गाचा विचार एकट्या मुलापुरता न करता संपूर्ण कुटुंबाच्या संदर्भात केला जातो.

व्याख्या व व्याप्ती

‘वारंवार’ या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. जिवाणूजन्य गळवांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या काळात शरीराच्या वेगवेगळ्या जागी दोन किंवा अधिक वेळा संसर्ग झाल्यास त्यास वारंवार होणारा संसर्ग मानण्याचा प्रघात आहे. एकच जखम अर्धवट बरी होऊन पुन्हा चिघळणे आणि पूर्ण बरे झाल्यावर नव्या जागी नवा संसर्ग होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत उपचार अपुरा पडलेला असतो, तर दुसरीत संसर्गाचा उगम शोधावा लागतो.

इम्पेटिगो हा मुख्यतः २ ते ५ वर्षे वयाच्या मुलांचा आजार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार जगात कोणत्याही एका वेळी सुमारे १६.२ कोटी मुलांना हा आजार असतो. उष्ण व दमट हवामान, दाट वस्ती आणि पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशांत त्याचे प्रमाण अधिक असते.

प्रमुख प्रकार

इम्पेटिगो : हा त्वचेच्या वरच्या थराचा जिवाणूजन्य संसर्ग आहे. तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूंमुळे होतो. नाक व तोंडाभोवती किंवा हातापायांवर बारीक पुळ्या येतात, त्या फुटून लस वाहते आणि मधाच्या रंगाची खपली धरते. दुसऱ्या प्रकारात पातळ आवरणाचे मोठे फोड येतात. खपली वाळली की व्रण न राहता त्वचा पूर्ववत होते. मात्र संसर्ग खोलवर गेल्यास (एक्थायमा) जखम होऊन व्रण राहतो.

केसतूड व गळू : केसाच्या मुळाशी होणाऱ्या पूयुक्त संसर्गास केसतूड म्हणतात. पू खोलवर साठून फुगवटा आला की त्यास गळू म्हणतात. मांड्या, नितंब, काखा आणि डोके या जागी ही दुखणी विशेष होतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्यांचे मुख्य कारण आहे.

खरूज : सार्कॉप्टिस स्कॅबिआय या अतिसूक्ष्म किडीची मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. रात्री वाढणारी खाज हे याचे मुख्य लक्षण होय. मोठ्या माणसांत बोटांच्या बेचक्या, मनगटे व कंबर येथे पुरळ दिसते. तान्ह्या मुलांत मात्र तळहात, तळपाय, चेहरा आणि टाळू येथेही ते येते. खाजवून झालेल्या ओरखड्यांतून जिवाणू शिरतात आणि खरजेवर पू धरतो.

नायटा : ही बुरशीची बाधा आहे. अंगावर कडा उठलेली, गोलाकार व खाजरी चकंदळे उमटतात. डोक्याच्या नायट्यात केस तुटून चट्टे पडतात. क्वचित तेथे पू भरल्यासारखी मऊ सूज येते व ती गळू समजून कापली जाण्याची चूक होते.

विषाणूजन्य प्रकार : मोलस्कम कंटाजिओझम या आजारात मध्यभागी खळगा असलेले मोत्यासारखे लहान उंचवटे येतात. ते बहुधा ६ ते १८ महिन्यांत आपोआप नाहीसे होतात. चामखीळही याच गटात मोडते.

पुनरावृत्तीची कारणे

जंतूंचा साठा : सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकपुड्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोणताही त्रास न देता वास करतो. काखा व जांघा येथेही तो आढळतो. नाकात बोट घालून तेच बोट ओरखड्यावर नेल्यास मूल स्वतःच स्वतःला संसर्ग करून घेते. या जिवाणूचा संसर्ग एकदा होऊन गेला तरी कायमची प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही.

घरातील देवाणघेवाण : एकच पंचा, एकच पांघरूण, एकाच अंथरुणावर झोपणारी भावंडे यांमुळे संसर्ग घरात फिरत राहतो. खरजेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. किडीचा प्रथमच प्रादुर्भाव झाल्यास खाज सुटण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात बाधित व्यक्ती निरोगी दिसते, पण रोग पसरवू शकते. त्यामुळे केवळ खाजवणाऱ्या मुलावर उपचार केल्यास काही आठवड्यांत त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून त्याला पुन्हा बाधा होते.

त्वचेचे मूळ दुखणे : निरोगी त्वचा ही जंतूंना अडवणारी भिंत असते. इसब, घामोळे, डासांचे चावे, उवा आणि खरूज यांमुळे तिला भेगा पडतात. इसब असलेल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या बाधित त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडतो. डोक्यात वारंवार फोड येऊन मानेमागच्या गाठी सुजणाऱ्या मुलाच्या केसांत अनेकदा उवा असतात. त्या काढल्याशिवाय फोड थांबत नाहीत.

अपुरा किंवा चुकीचा उपचार : दोन दिवसांत खपली वाळताच औषध सोडणे, आधीच्या वेळची उरलेली औषधे देणे, आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावणे ही नित्य आढळणारी कारणे आहेत. अशा मलमांनी खाज व लाली तात्पुरती ओसरते. त्यामुळे नायटा बरा झाल्याचा भास होतो, पण बुरशी पसरत राहते, चट्ट्याचे स्वरूप बदलते आणि पुढे निदान करणे कठीण जाते.

अंतर्गत आजार : कुपोषण, मधुमेह आणि जन्मजात प्रतिकारशक्तिदोष यांमुळेही संसर्ग वारंवार होतात. जन्मजात दोष विरळ असतात. तथापि खोल गळवांबरोबरच वारंवार फुप्फुसदाह होणे, वजन न वाढणे, यकृतात किंवा लसीका ग्रंथींत पू होणे, किंवा घराण्यात अशाच आजाराने बालमृत्यू झालेला असणे, ही लक्षणे असल्यास त्या दिशेने तपासणी केली जाते.

निदान

बहुतेक वेळा त्वचा पाहूनच निदान होते. निदानात उपयोगी पडणारी माहिती पुढीलप्रमाणे असते : संसर्ग प्रथम केव्हा झाला, किती वेळा झाला, कोणत्या जागी झाला, कोणती औषधे किती दिवस दिली, आणि घरात आणखी कोणाला खाज किंवा गळवे आहेत काय. या नोंदी पालकांनी तारखेसह ठेवल्यास पुनरावृत्तीचा उगम शोधणे सोपे जाते.

संसर्ग वारंवार होत असल्यास पुवाचा नमुना तपासून कोणत्या प्रतिजैविकाचा परिणाम होईल हे ठरवले जाते. नायट्याच्या शंकेत त्वचेचा खरवडलेला भाग किंवा तुटलेला केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फिकट व बधिर चट्टा हे मात्र यांतील कोणत्याही आजाराचे लक्षण नव्हे. असा चट्टा कुष्ठरोगासाठी तपासून घेणे आवश्यक असते.

उपचार

इम्पेटिगोचे मोजके फोड असल्यास कोमट पाण्याने खपली हलकेच भिजवून काढतात व म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक आम्लाचे मलम लावतात. सामान्यतः हा उपचार ५ दिवसांचा असतो. फोड पुष्कळ असतील, ताप असेल किंवा घरातील अनेकांना बाधा झाली असेल तर पोटातून प्रतिजैविक देतात. औषधाची मात्रा मुलाच्या वजनावर ठरत असल्यामुळे एका भावंडाचे औषध दुसऱ्यास देणे योग्य नसते.

गळू पिकल्यावर डॉक्टरांनी ते कापून पू काढणे हाच मुख्य उपचार होय. घरी गळू पिळल्याने संसर्ग खोलवर जाण्याचा धोका असतो. नाक व वरचा ओठ या भागातील गळवांबाबत हा धोका अधिक असतो. कोमट शेक मात्र उपयुक्त ठरतो.

खरजेवर ५ टक्के परमेथ्रिन मलम ८ ते १४ तास अंगावर ठेवून धुतात आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा लावतात. ते खाजणाऱ्या जागीच न लावता मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या कडांसह लावावे लागते. लहान मुलांत टाळू व चेहऱ्यावरही डोळे आणि तोंड वगळून लावतात. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घेणे ही यशाची मुख्य अट आहे. उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. ती राहिली म्हणून मलम पुनःपुन्हा लावल्यास त्वचा अधिकच चिडते. आयव्हरमेक्टिन हे पोटातून घ्यावयाचे औषध १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना सहसा दिले जात नाही.

डोक्याच्या नायट्यावर केवळ मलम पुरत नाही. बुरशी केसाच्या मुळात असल्याने काही आठवडे पोटातून औषध द्यावे लागते. इसब असलेल्या मुलात त्वचा मऊ ठेवणारे मलम नियमित लावणे आणि इसबावर योग्य उपचार करणे, हाच संसर्ग टाळण्याचा मार्ग असतो. अशा मुलात डॉक्टरांनी ठरवून दिलेले सौम्य स्टेरॉइड मलम उपयुक्त असते. त्यामुळे नायट्याच्या संदर्भातील इशारा इसबास सरसकट लागू होत नाही.

जंतूंचा साठा कमी करणे

सर्व उपाय करूनही गळवे होत राहिल्यास त्वचेवरील व नाकातील जंतूंचा साठा कमी करण्याचा उपचार केला जातो. यात ५ दिवस नाकपुड्यांत दिवसातून दोनदा म्युपिरोसिन लावतात आणि क्लोरहेक्सिडिनयुक्त द्रावणाने रोज अंग धुतात. अमेरिकेतील सेंट लुइस येथे झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा उपचार काही घरांत फक्त रुग्ण मुलावर, तर काही घरांत सर्व कुटुंबीयांवर करण्यात आला. वर्षभरात पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५२ टक्के होते. कुटुंबाला बरोबर घेतल्याने लाभ होतो, पण संसर्ग पूर्णपणे थांबतोच असे नाही, हे दोन्ही निष्कर्ष यातून निघतात. हा उपचार वैद्यकीय सल्ल्यानेच केला जातो. मनाने वारंवार केल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

घर व शाळेतील उपाय

साबणाने हात धुणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. पाकिस्तानातील कराची शहराच्या वस्त्यांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधा साबण व हात धुण्याचे प्रोत्साहन मिळालेल्या घरांतील १५ वर्षांखालील मुलांत इम्पेटिगोचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

अन्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

मुलांची नखे आठवड्यातून एकदा कापावीत.
प्रत्येकाचा पंचा किंवा टॉवेल वेगळा असावा. तो रोज उन्हात पूर्ण वाळवावा.
वाहत्या जखमा स्वच्छ पट्टीने झाकाव्यात. मलम लावण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत.
मलमाच्या डबीत बोट न घालता नळीतील मलम वापरावे.
खरजेच्या उपचाराच्या दिवशी अलीकडे वापरलेले कपडे, चादरी व पांघरुणे गरम पाण्यात धुवावीत. धुता न येणाऱ्या गोधड्या किंवा खेळणी पिशवीत घट्ट बांधून किमान ३ दिवस बाजूला ठेवावीत.
डासांपासून संरक्षणासाठी मच्छरदाणी व अंगभर सुती कपडे वापरावेत.

इम्पेटिगो झालेले मूल प्रतिजैविक सुरू झाल्यावर २४ तासांनी, तर खरूज झालेले मूल पहिला उपचार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकते. मोलस्कम किंवा चामखीळ यांसाठी मुलास घरी ठेवण्याची आवश्यकता नसते. वर्गातील अनेक मुलांना एकाच वेळी खाज सुटल्यास एकेका मुलास परत पाठवण्यापेक्षा सर्व कुटुंबांना एकाच वेळी कळवणे अधिक परिणामकारक ठरते. बाधित मुलाचे नाव वर्गात उच्चारल्यास पालक आजार लपवतात आणि साथ लांबते.

गुंतागुंत

त्वचेवरील साध्या वाटणाऱ्या फोडांचे गंभीर परिणाम क्वचित होतात; पण ते ओळखण्यास उशीर झाल्यास जिवावर बेतू शकते. स्ट्रेप्टोकॉकसच्या त्वचासंसर्गानंतर ३ ते ६ आठवड्यांनी काही मुलांना मूत्रपिंडाचा दाह होतो. तोवर फोड वाळून गेलेले असल्याने त्यांचा संबंध पालकांच्या लक्षात येत नाही. सकाळी चेहरा व पापण्या सुजणे, लघवी कमी होणे किंवा तिचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, ही त्याची लक्षणे होत. बहुतेक मुले बरी होतात, परंतु रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असल्याने तत्काळ उपचार आवश्यक असतात.

पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात नेणे इष्ट असते : एक महिन्याखालील बाळाच्या अंगावर पूयुक्त फोड; तापासह झपाट्याने पसरणारी लाली व वेदना; डोळ्याभोवती सूज; भाजल्यासारखी त्वचा सोलवटणे; मूल सुस्त होणे किंवा अंगावर पिणे सोडणे.

समजुती

महाराष्ट्रात उन्हाळ्यातील गळवांचा संबंध आंबे खाण्याशी व ‘उष्णते’शी जोडला जातो. त्याच काळात घाम, घामोळे व खाजवणे वाढते, हे गळवांचे अधिक सरळ स्पष्टीकरण आहे. ‘रक्त अशुद्ध झाले’ या समजुतीने मुलांचे खाणे तोडले जाते. कुपोषित मुलात त्याने हानीच होते. खरूज अस्वच्छतेमुळेच होते हा समजही बरोबर नाही. ती दीर्घकाळ त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाल्याने पसरते आणि रोज स्नान करणाऱ्या घरांतही होते. या समजामुळे दोष मुलाच्या आईवर ठेवला जातो व उपचार लांबतात. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी व हळद यांचा वापर परंपरेने होतो. मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. चुना, राख किंवा उवांसाठी रॉकेल लावणे अपायकारक आहे.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात खरूज, बुरशीची बाधा व इसब या त्वचाविकारांचा समावेश आहे. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. मुले एकत्र राहतात अशा आश्रमशाळा व वसतिगृहांत खरजेचा फैलाव सहज होतो, म्हणून तेथे सर्वांवर एकाच वेळी उपचार करणे विशेष महत्त्वाचे ठरते.

स्टेरॉइडयुक्त मलमांच्या गैरवापरास आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद करण्याचा निर्णय घेतला.

सामूहिक उपचारांविषयी संशोधन

फिजी बेटांवरील एका अभ्यासात (२०१५) काही वस्त्यांतील सर्व रहिवाशांना आयव्हरमेक्टिन देण्यात आले. वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आणि इम्पेटिगोचे २४.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. इम्पेटिगोसाठी वेगळे औषध न देता केवळ खरूज हटवल्याने हा परिणाम साधला, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

इतिहास

१६८७ साली जोव्हान्नी कोसिमो बोनोमो व डिआचिंटो चेस्तोनी या इटालियन संशोधकांनी खरजेचे कारण एक सूक्ष्म कीड असल्याचे दाखवले. एखाद्या रोगाचे सूक्ष्म जीवाशी नाते जोडणाऱ्या आरंभीच्या शोधांत त्याची गणना होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली गळवांतील पुवात द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे जिवाणू पाहिले व त्यांना पुढे स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध याच जिवाणूच्या संवर्धनात लागला. परंतु लवकरच हे जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले. त्यावर उपाय म्हणून १९५९ साली आलेल्या मेथिसिलिनलाही न जुमानणारे जिवाणू १९६१ साली ब्रिटनमध्ये नोंदले गेले. मलमे व प्रतिजैविके जपून वापरण्याच्या आग्रहामागे हा अनुभव आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्ड येथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून खरूज कपडे व घोंगड्यांपेक्षा प्रत्यक्ष स्पर्शाने अधिक पसरते, हे स्पष्ट झाले. घरातील प्रत्येक वस्तू उकळण्यापेक्षा घरातील प्रत्येक व्यक्तीवर एकाच वेळी उपचार करणे महत्त्वाचे, हा आजचा दंडक त्या प्रयोगांशी सुसंगत आहे.

हे सुद्धा पाहा

खरूज
इसब
गजकर्ण
प्रतिजैविक
कुपोषण
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम